ऊनाचं मराठी

तिचं नाव ऊना. पहिल्याच पानावर अडले.
दीर्घ ऊ, दंत्य न, तिथवर ठीक,
पण मोठ्यानं वाचलं की कानाला उणंच ऐकू येतं,
हातच्यात धरायचं राहून गेल्यासारखं.
गानूसर म्हणाले, नाव बदलता येत नाही,
अनुवाद आहे, बारसं नव्हे.

एकोणीस वर्षांची. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातली,
जिथं दलदलीचा गाळ विटांसारखा कापून, वाळवून
चुलीत घालतात.
कोशात 'पीट' दिलंय, तो काही शब्द नाही.
मी 'गवऱ्या' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
धूर तरी डोळ्यांना सारखाच लागत असेल.

निघायच्या आदल्या रात्री गाव तिच्या घरी जमतं,
मयताला जमतात तसं,
कारण बोस्टनला गेलेलं कुणी परत येत नाही.
जित्या पोरीचं सुतक, आणि ती स्वतःच सगळ्यांना चहा देतेय.
माझ्या वेळी असलं काही नव्हतं.
गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस, वरचा बर्थ,
आईनं दिलेले उकडलेले शिंगाडे
नागपूरच्या आतच संपले.

नवी पेठेत कॉट बेसिसवर चौथी मुलगी मी.
गोवंडेकाकूंचा कागद दाराला आतून चिकटवलेला:
पाणी सहा ते सात. इस्त्री नाही. पाहुणे नाहीत.
बोस्टनच्या घरमालकिणीचे नियम
मी त्यावरूनच उतरवून काढले.
समासात गानूसरांचा शेरा: झकास! अस्सल!

पण ऊना तोंड उघडते तिथं पंचाईत.
तिची बोली वाकडी, ओलसर, दुकानातल्या मुली हसतात.
मी तिला कोणत्या मराठीत हसू करायचं?
पुस्तकी बोलली की वाटतं, टिळक रोडवरच वाढली.
तीन आठवडे तशीच बोलली बिचारी.
मग एका रात्री तिनं घरी पत्र लिहिलं
आणि माझ्या हातून उमटलं:
'बाबा, मी बरी आहो. काम करून राहिली. काळजी नोका करू.'

आहो.
फरक एका कान्याचा. त्या कान्याला
पहिल्या वर्षी अख्खा वर्ग हसला होता.
नंतर तो मी कुठंतरी ठेवून दिला,
अलका चौकातल्या बसस्टॉपवर, नाहीतर एखाद्या मुलाखतीत,
आठवत नाही.

अकराव्या प्रकरणात ऊनाचे वडील जातात.
पत्राला अठरा दिवस लागतात.
त्या अठरा दिवसांत ती एकदा नाचायला गेली होती,
नवे बूट घेतले होते. पावतीवरची तारीख
ती पुन्हा पुन्हा बघते.
दहा दिवसांनंतर कळलं तर सुतक तीनच दिवसांचं,
हे तिला कोण सांगणार?
तळटीप द्यावीशी वाटली. दिली नाही.

माझ्या बाबांचं मला दहा मिनिटांत कळलं
आणि घर गाठायला बावीस तास.
धान कापणीला आलेलं. दारात आत्या बसलेली.
'कवा आली व माय?'
'आत्ताच आलेय,' मी म्हटलं.
आलेय.
तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी कुणी परकी बाई
पत्ता विचारायला थांबलीय.

मुद्रितं आली. लाल शाईत
एकतीस 'आहो'चे 'आहे' झालेले.
आप्पा बळवंत चौकातला तो अंधारा जिना
मी भांडायचं ठरवूनच चढले.
सर चष्मा पुसत म्हणाले, वाचक अडखळेल.
अडखळू द्या की. ऊना नाही अडखळली?
चहा आला, निवला, साय धरली.
शेवटी पत्रांतले नऊ राहिले. संवादातले गेले.

बरोबर झालं का, माहीत नाही.
काल रिक्षावाल्यानं विचारलं, मॅडम, मूळच्या कुठल्या?
मीटरकडं बघत म्हटलं, लाखांदूर.
'ते कुठं आलं?'
बोस्टनच्या अलीकडं, म्हणणार होते.
म्हटलं, लांब आहे, दादा.
पुढून डावीकडं घ्या.