रुग्णाशी नातं

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात
फॉर्म तू भरलास, दिगू,
तुर्भ्याच्या मार्केटातून तसाच आलेला,
बाहीला कांद्याची सालं.
म्हणालास, बस तू. सही तेवढी लागेल.

एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात अर्धा.
तुला वाटलं, हिला कुठलं दिसतंय.
पण अंधाऱ्या विंगेत काडी पेटवून
वहीतली कडवी वाचलीत मी,
ती विझायच्या आत.
एक शब्द काय, दिसतो.
रुग्णाशी नातं : भाचा.

बरोबर आहे. मीच शिकवलं.
बॅनरवर ‘मिस सलोनी’, लाल रंगात, हातभर अक्षर,
आणि मिसला मूल नसतं.
शेट्टी म्हणायचा, पोर दिसलं की सुपाऱ्या तुटतात.
कळव्याच्या गणपतीत तू सहा वर्षांचा,
कीबोर्डच्या खोक्यावर निजवलेला, अंगात ताप.
उठलास, पडद्याच्या फटीतून हाक मारलीस,
आई.
माईक चालू होता.
लोक हसले. मीही हसले,
म्हणाले, अगं बाई, कुणाचं हे लेकरू?
त्या रात्री दोनदा वन्समोअर.

टेम्पोत तू काही विचारलं नाहीस.
सकाळी चहा मागितलास तो
मावशी म्हणून.
मला वाटलं, चार दिवसांत विसरेल.
चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाहीस.

तुझा गाळा माझ्या सुपाऱ्यांवर उभा आहे,
हे मी दर दिवाळीला ऐकवते. ऐकवणारच.
तू फराळाचं ताट सरकवतोस
आणि टीव्हीचा आवाज वाढवतोस.
तुझी पोर मला मावशीआजी म्हणते,
असलं नातं कुणाच्या घरात नसेल,
तिनं आपलं आपण जुळवून घेतलंय.

नर्स आली. कोवळी, घाईत.
भाचा नाही चालणार काका, संमतीला जवळचं माणूस लागतं.
मग माझ्याकडे वळून, मोठ्यानं,
जसं बहिऱ्याशी बोलतात,
आजी, मुलगाबिलगा आहे का कुणी?

बाकावरची माणसं बघायला लागली.
तू पेनाचं टोपण लावलंस, काढलंस,
परत लावलंस.
मला दिसत होता नुसता पांढरा सदरा
आणि कांद्याचा वास.

म्हटलं, त्याला विचारा.
आणि थांबले,
मात्रा चुकलेल्या ढोलकीवाल्यासाठी
गाणारी थांबते तशी.

खोटं कशाला बोलू,
तशी मी कधी कुणासाठी थांबले नव्हते.