बसलेली गाय स्वस्त

उभ्या गायीचे दोन गुल्डन,
बसलेलीचे सव्वा,
कारण चार पाय काढायचे वाचतात.
पाठमोरी असेल तर घासाघीस.
हा आमच्या घरचा दर.

माझा बाप खेर्लोफ चित्रकार होता
असं म्हणताना आजही जीभ अडखळते.
रॉटरडॅमहून होडीने यायची दुसऱ्यांची चित्रं
किंतानात गुंडाळलेली,
कोपऱ्यात सही आधीच झालेली.
आभाळ तयार, पाणी तयार,
पवनचक्कीचं एक पातं उन्हात.
फक्त कुरण रिकामं.
दलाल ओव्हरवेखची चिठ्ठी सोबत:
डावीकडे तीन. एक पाणी पिताना. शनिवारपर्यंत.

मोठ्या लोकांना गाय जमत नसे.
त्यांची गाय म्हणजे शिंगं लावलेली पेटी.
बाप हसायचा नाही. म्हणायचा,
ते आभाळाकडे बघत वाढले,
मी कासेखाली.

मी जवसाच्या तेलात सफेदा घोटायचे
आणि तो पुटपुटायचा,
मागच्या पायाचा खुबा आधी,
मग पाठीची रेघ, मग पोट.
डोळा सगळ्यात शेवटी.
आधी काढलास तर ती तुझ्याकडे बघत राहते
आणि हात घाबरतो.

पासष्ट साली बुळकांडी आली,
बंधाऱ्यावरून, दुधाच्या होड्यांतून,
बुटांना चिकटलेल्या चिखलातून.
आधी विधवा मार्ख्येच्या गोठ्यात,
मग आमच्या.
मग सरकारी माणसं, दारावर खडूची फुली.
दुखणाईत आणि धडधाकट
एकाच खड्ड्यात, वर चुना.

त्या हिवाळ्यात गावात पहाटे कुणी उठलं नाही.
उठून करायचं काय?
बादल्या मात्र धुतल्या जात होत्या
सवयीने,
आणि कुंपणावर पालथ्या वाळत होत्या.

चित्रं येत राहिली.
रिकामं कुरण शहरात खपत नाही.

दलालाने तीन मागितल्या,
बापाने पाच काढल्या. दोन फुकट.
मार्ख्येची कोल, कपाळावर चांदणी,
एक शिंग खाली वळलेलं.
आर्यनची लंगडी. मठाच्या वाटेवरच्या घरातली ती तांबडी
जी कुणालाच दूध देत नव्हती.
एकेका गोठ्याची त्याने हजेरी घेतली
दुसऱ्यांच्या आभाळाखाली.

मार्ख्ये बघायला आली,
लाकडी बूट उंबऱ्याबाहेर काढून.
बराच वेळ उभी राहिली.
मग म्हणाली,
"हिची कास भरलीय, खेर्लोफ.
धार काढायची राहिलीय."
बाप म्हणाला, "हो."
एवढंच.
ती जाताना हात पदराला पुसत होती,
हात कोरडेच होते.

आमची ब्लार त्याने सर्वांत शेवटी काढली.
पांढरं तोंड, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं,
जणू रात्रभर जागलेली.
सुरुवात डोळ्यापासून केली.
मी सफेदा घोटत होते.
काही बोलले नाही.

बापाला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
मी रॉटरडॅमला एका गलबतवाल्याच्या घरी
स्वयंपाकाला आहे.
जेवणघराच्या भिंतीवर एक मोठं कुरण टांगलंय,
सोनेरी चौकट, खाली मोठ्या माणसाचं नाव.
पाहुणे काटे खाली ठेवून म्हणतात,
काय आभाळ आहे!
आणि खरंच आहे, खोटं का बोलू,
पश्चिमेकडून पाऊस येतोय
आणि ढगाची कड अजून ओली वाटते.

परवा मालकीणबाई म्हणाल्या,
"त्या कोपऱ्यातली बसलेली गाय
जरा जास्तच बघते, नाही का गं?"

मी म्हटलं, "हो बाईसाहेब."
आणि सूप वाढलं,
आधी डावीकडच्या तिघांना.