खिळा

विचारायला आलात म्हणून सांगते.
आधी बूट काढा, जमीनही चुन्याचीच आहे.

हो, भांगच. हसून घ्या.
ह्युएलगोआतच्या बाजारात सगळे हसले होते.
बेकरीवाला एर्वान म्हणाला, घर पेटलं
तर अख्खं गाव आठवडाभर झिंगेल.
झिंगत नाही कुणी, ही जात निराळी;
हिच्या आज्या-पणज्या जहाजांची शिडं होत्या.
पेटतही नाही. गिरेकनं एका ठोकळ्यावर
गॅसचा जाळ धरला, कॉफी निवेपर्यंत.
काळा डाग पडला. तेवढंच.

साल दोराला जाते. उरतात काड्या,
घोड्यांच्या पागेत पसरतात त्या.
त्यांत चुना, पाणी. मुठीत वळला पाहिजे
आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे.
फळ्यांच्या साच्यात थरावर थर, हलक्या हातानं;
जास्त ठोकलंत तर भिंतीचा दम कोंडतो.
वजन सगळं ओकच्या खांबांवर.
भिंत काहीच उचलत नाही.
हे नीट ऐकून ठेवा.

बँकेच्या माणसाला फॉर्ममध्ये रकाना सापडेना:
दगड, वीट, सिमेंट, लाकूड, इतर.
‘इतर’वर व्याज जास्त.
पैसे हातात आले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता,
आणि इथल्या ऑक्टोबरात काही वाळत नाही,
मोजेसुद्धा.
पाच महिने आम्ही कॅरॅव्हानमध्ये.
ओल मोजायचं यंत्र उशाशी घेऊन गिरेक झोपायचा.
चौतीस. तेहेतीस. पुन्हा चौतीस.
फेब्रुवारीत तो म्हणाला, पाडू या.
मी म्हटलं, पाडायलाही वाळावी लागेल.

उंदीर? चुना त्यांना आवडत नाही म्हणतात.
आमच्याकडे एक होता,
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि भिंत हातभर जाड.
नकाशातल्या खोलीत दोन पलंग मावत होते,
खऱ्या खोलीत एक. पण खिडकीचा कट्टा बघा,
मांजर आणि एनोरा दोघी आडव्या होतात त्यावर.
एनोरा शाळेतून शिकून आली,
झाडानं हवेतून ओढलेला धूर या भिंतीत कोंडलाय.
असेल. चुना भाजायला जो जाळ लागला
त्याचा रकाना तिच्या वहीत नव्हता.

सासरे आले ते दुसऱ्या हिवाळ्यात.
फांश, चाळीस वर्षं स्लेटच्या खाणीत,
छातीत अजून ती धूळ.
त्यांची व्याख्या साधी होती:
भिंत ती, जिच्यावर आपटल्यावर डोकं फुटतं.
हिला त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवलं,
आवाज आला नाही. कान लावला.
म्हणाले, तुमच्या घरात कुणीच नाही.

रात्री खोकले नाहीत. सलग झोपले.
भिंतीमुळे की काय, मला विचारू नका;
म्हातारा थकलाही असेल.

सकाळी घोंगडीतून त्यांनी घड्याळ काढलं,
खाणीतून निवृत्त होताना मिळालेलं, पितळी, जड.
स्वतः खिळा ठोकला, दोन घावांत.
घड्याळ अडकवलं, मागे सरले,
आणि खिळा घड्याळासकट हळूच बाहेर आला,
लोण्यातून सुरी यावी तसा.
गिरेकनं वरच्या वर झेललं.
कुणी बोललं नाही.
मग म्हातारा हसला, खोकेपर्यंत हसला.
‘राहू दे,’ म्हणाला, ‘खुर्चीवर ठेव.
तोही बसून थकला असेल,
आधी उभा होता चोवीस तास.’

तेव्हापासून खुर्चीवरच आहे ते.
म्हातारा गेला त्या मार्चमध्ये.
गिलाव्यातलं भोक मी बुजवलेलं नाही.
चुन्याला सांगितलं तर बुजेल म्हणा,
बादलीभर कालवलेला असतोच मागच्या दारी.

तर, बांधा. नका बांधू.
आंघोळीची वाफ ही भिंत रात्री पिते, दुपारी परत करते;
वादळात आत बसलं की फक्त मांजर ऐकू येतं.
पण आधी घरात विचारून घ्या
कुणाला काय टांगायचंय,
आणि तिथे, नेमकं तिथे,
आतून एक लाकूड घाला.

आम्ही विचारलं नव्हतं.
त्या खुर्चीवर नका बसू, ही घ्या.