पाचर

एक जुलैला मॉन्ट्रियल घर बदलतं.
निम्म्या शहराचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात
आणि फुटपाथवर येतात गाद्या, दिव्यांच्या टोप्या,
विजेची एक शेगडी, तिच्यावर चिकटवलेला कागद :
'चालते. डावीकडची चकती रुसते.'

वरच्या मजल्यावरची गिलेन त्रेपानिये
मुलीकडे निघालेली, एका खोलीत मावेल तेवढंच घेऊन.
टेबल मात्र तिने रस्त्यावर ठेवलं नाही.
कुत्र्यांनी टांग वर करायला तो काय खांब आहे, म्हणाली.
हवं त्याने वर यावं, मला तोंड दाखवावं.

तोंड दाखवायला आला विस्ली दोर्व्हिल,
सोबत मेहुणा आणि उसनी ढकलगाडी.
त्याने खिशात हात घातला तेव्हा
तिने माशी हाकलावी तसा हात हलवला.
'फुकट. पण डुगडुगतं.
माझ्या नवऱ्याने एक पाय जास्त कापला,
एकतीस वर्षांपूर्वी. ही पाचर ने.'
हॉकीच्या जुन्या तिकिटांची घडी,
दाबून दाबून लाकूड झालेली.

बाहेरच्या गोल जिन्यावरून आम्ही तिघांनी ते उतरवलं,
पाय आभाळाकडे, आडमुठ्या वासरासारखं.
मला त्याचा आवाज पाठ होता.
अकरा वर्षं खालून ऐकलंय :
चमचा खणखणायचा, सूप सांडायचं,
मग गिलेन, 'तुझा पाय!'
मग रेजाँ, 'मी मापून कापला होता!'
तो लाव्हालच्या वृद्धाश्रमात गेल्यापासून
वर एकटा चमचाच.

संध्याकाळी विस्ली परत आला.
वाटलं, टेबल नको झालं असेल.
हातात फक्त पाचर.
'बाई, ही लागली नाही.
आमच्याकडे ते नीट उभं राहिलं.
ही घातली की उलट हलतं.'

गिलेन आत गेली. आम्हीही गेलो, न बोलावता.
स्वयंपाकघरात चार पायांचे चार फिकट ठसे.
तिने पिशवीतलं एक संत्रं काढून
त्यांच्या मधोमध ठेवलं.
ते जरा विचारात पडलं.
मग निघालं, कुणी न ढकलता,
आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणतो आपण.
इथे नाचणारा बिचारा एकतीस वर्षं बोलणी खात राहिला
आणि अंगण खरंच वाकडं.

संत्रं तिने विस्लीला दिलं.
पाचर स्वतःच्या पर्समध्ये टाकली,
चेन लावली, पुन्हा उघडून पाहिली.

रात्री जावयाचा ट्रक आला.
शेगडी तोवर कुणीतरी नेली होती,
रुसव्याची कल्पना असूनही.
शेवटचं खोकं मी गाडीत ठेवत होतो
तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून
लाव्हालला फोन लावत होती.
रेजाँला हल्ली एका कानाने ऐकू येत नाही,
दुसऱ्याने कमी,
म्हणून अख्ख्या गल्लीला कळलं :
'जमीन, रेजाँ! पाय नव्हे!
जमीन!'