कांजिण्या

शाळेतून फोन आला, न्या त्याला.
डंडीचा चढ, समोरून वारा,
शर्विल माझ्या कोटात तोंड खुपसून.

घरी सदरा काढला:
पोटावर सात, कानामागे एक,
पापणीवर येऊ घातलेली आणखी एक.
आई फोनवर म्हणाली, कडुनिंबाचा पाला घाल पाण्यात.
इथे कुठला कडुनिंब?
गुलाबी कॅलामाइन टिपत विचारलं,
कोणाकडून आणल्यास रे?

ही रोरीची. ही मोठी आयलाची.
शिवी नाही गं, नाव आहे तिचं.
टेबलाखाली घर केलं होतं आम्ही,
तिघांचं.

ऑगस्टपासून रोज विचारायचे,
आज कोणाशी बोललास?
तो म्हणायचा, पोळी गार होती.

खाजवू नकोस, म्हटलं,
आणि पुन्हा मोजल्या
पहिल्यापासून.