विषय क्रमांक सात

महिन्याआड, दुसऱ्या मंगळवारी, साडेचारला
क्वार्टर गेटच्या अलीकडच्या आमच्या मिशन दवाखान्यात
विश्वस्त मंडळाची सभा भरते.
मी कोपऱ्यात बसते, वही उघडून.
बावीस वर्षं हेच अक्षर.

आधी प्रार्थना.
उजगरे साहेब डोळे मिटून
देवाला दवाखान्याची सगळी हकीकत सांगतात,
जणू त्यालाही अहवाल वाचायला वेळ मिळालेला नसतो.
मग मागचं इतिवृत्त कायम. चहा, खारी.
विषय एक: चॅपलच्या फरशा.
कडप्पा की कोटा, यावर एक तास दहा मिनिटं
(वेळ मी लिहीत नाही, पण बघते).
विषय दोन: संस्थापक मिससाहेबांच्या तसबिरीची चौकट.
तीन: नाताळची रोषणाई.
सातवा येईस्तोवर बाहेर अंधार,
कुणाची गाडी आलेली,
कुणाला वानवडीला पोचायचं.

सातवा: वॉर्ड चारचा ऑक्सिजनचा पाइप.
'वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा.'
हे वाक्य मी मार्चात लिहिलं,
मे महिन्यात लिहिलं,
जुलैत तर सभा सुरू व्हायच्या आधीच
पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात मंडळावर आल्या दीनाबाई पाटोळे.
चौतीस वर्षं इथेच, शेवटची नऊ मेट्रन.
"आपल्याच घरातल्या," साहेब म्हणाले.
त्यांनी खारीला हात लावला नाही.
कडप्पा निघाला तशी पिशवीतून रजिस्टर काढलं,
रात्रपाळीचं, तेलकट कडांचं,
आणि वाचायला लागल्या:
एकोणीस जुलै, रात्री दोन चाळीस.
खाट अकरा. प्रेशर कमी.
लिफ्ट बंद. सिलिंडर जिन्यावरून ओढत आणला.
सिस्टर एकटी.
पुढची ओळ त्यांनी वाचली नाही,
रजिस्टर फिरवून साहेबांसमोर ठेवलं.

मी मनात मोजलं. सभेनंतरची पाचवी रात्र.

खजिनदार लोंढे म्हणाले, "हे प्रशासनाचं काम, मंडळाचं नव्हे."
"मग मंडळाचं कुठलं? फरशी?"
कुणीतरी पुटपुटलं, प्रभूची इच्छा.
"प्रभूला ह्यात ओढू नका, भाऊ. पाइप आपला आहे."

गप्प बसलेली माणसं इतिवृत्तात कशी लिहायची
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
लिहिलं: 'चर्चा झाली.'
खोडलं.
लिहिलं: 'खाट अकरा.'

पाइप नऊ मिनिटांत मंजूर झाला.
पैसे होते. फरशांच्या खात्यात.
शिवाय ठरलं, विषयपत्रिका उलटी लावायची:
काय चुकलं, कोण गेलं, ते आधी;
तसबीर, रोषणाई चहानंतर.
आणि दर सभेआधी एका विश्वस्तानं एक रात्र वॉर्डात काढायची.
पहिली पाळी लोंढ्यांची.
सकाळी गुडघे चोळत बाहेर आले, म्हणाले,
तिथं बसायला खुर्चीच नाही हो.
नोव्हेंबर, विषय क्रमांक एक: खुर्च्या, वॉर्ड चार.

सगळं सुधारलं असं नाही.
लिफ्ट अजून रुसते. कडप्पा पुन्हा डोकं वर काढतो.
साहेबांची प्रार्थना तेवढीच लांब.
परवा मात्र मध्येच थांबले,
डोळे उघडून माझ्याकडे वळले:
"अकरा नंबरच्या बाईंचं नाव काय होतं?"

वहीत नव्हतं.
आठ जण मान खाली घालून तसेच बसलेले,
आमेन अर्ध्यावर.
मी उठले, रेकॉर्ड रूमकडे निघाले.
किल्ली माझ्याच कमरेला होती,
बावीस वर्षं.