तीन कुलपं

बँकेतल्या मुलानं आईला बसायला खुर्ची दिली,
हे ती सगळ्यांना सांगायची.
मग त्यानं विजेचं बिल मागितलं,
राहत्या जागेचा पुरावा म्हणून.
आई म्हणाली, वीज आली की आणते,
आणि दोघंही हसले.
मिनीबसचं जाऊन-येऊन भाडं:
दोन टोपल्या उसिपा,
सरोवराच्या वाळूत वाळवलेली बोटभर मासळी.

नंतर ती पत्र्याच्या पेटीतच टाकत राहिली.
पेटी फालेसीच्या खाटेखाली,
कुलपं तीन, किल्ल्या तीन घरांत,
म्हणजे एकीला मोह झाला
तर उरलेल्या दोघींना आधी पटवावं लागेल.
दर गुरुवारी बावीस बायका.
पासबुकात आकडे नाहीत, शिक्के.
एका शेअरला एक मासा, निळ्या शाईचा.
आई बोट ठेवून मोजायची,
खालून वर.

तिची किल्ली गळ्यात असायची, काळ्या दोऱ्यात.
आंघोळ घालणाऱ्या बायकांनी काढली नाही.
कुणाला वाटला ताईत,
कुणाला वाटलं, असेल चर्चमधलं काही.
मी लिलाँग्वेहून निघालेले, अजून रस्त्यात.

तिसऱ्या दिवशी मसाउको हळूच म्हणाली,
मयताच्या खर्चाचा डबा पेटीत आहे.
मक्याचं पीठ उधार, लाकडं उधार,
शवपेटी करणारा सुतार दारावरून दोनदा गेला,
बोलला नाही, नुसता खोकला.

दोन कुलपं उघडली.
तिसरं आईचं,
पितळी, चिंचोक्याहून जरा मोठं.
उकरायचं का, हे कुणी विचारलं नाही
आणि कुणी नाहीही म्हणालं नाही.
फालेसीनं दगड माझ्या हातात दिला.
तुझ्या आईचं आहे, तूच फोड.

चार घाव.
इतक्या वर्षांचा भरवसा
चार घावांचाच होता की गं, कुणीतरी म्हणालं,
आणि त्या घरात तीन दिवसांत पहिल्यांदा
कुणी हसलं.

डब्यात सुताराचे क्वाचे निघाले, पिठाचेही.
आईच्या पासबुकात एकशे सात मासे.
शेवटचा तिरका, शाई संपत आलेली,
नुसती शेपटी उमटलेली.
तो धरायचा की नाही, यावर
बराच वेळ वाद झाला.
धरायचा, असं ठरलं.

मग एका कोऱ्या पासबुकावर
त्यांनी माझं नाव लिहिलं. मागितलं काहीच नाही.
नव्या कुलपाची किल्ली देताना
मसाउको एवढंच म्हणाली:
दोरा लांब ठेव,
डोक्यावरून निघेल एवढा.